आधी पाणी, मग प्रमाणपत्र

(कोकणातील निवास-न्याहारी व्यावसायिकांच्या एका मेळाव्यात ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



'शाश्वत पर्यटनाचे प्रमाणपत्र कसे मिळवावे' असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. विषयाचे नाव भारदस्त असल्यामुळे हे प्रकरण पंचतारांकित हॉटेलांचे असावे, चार खोल्यांच्या घरगुती व्यवसायाशी त्याचा काय संबंध, असा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. तो स्वाभाविक आहे. या विषयाचा सर्वाधिक संबंध तुमच्याशीच आहे, असे माझे मत आहे आणि ते का, हे आज मी मांडणार आहे.

जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने शिवकालीन परंपरेतील बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांतील रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे पाच किल्ले आपल्या कोकणात आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु जागतिक वारशाची मुद्रा उमटली की पर्यटकांचा ओघ वाढतो, हा जगभरचा अनुभव आहे. येणारा पाहुणा कोठे उतरणार, कोणाच्या विहिरीचे पाणी वापरणार, त्याचा कचरा कोठे जाणार आणि त्याने खर्च केलेला पैसा गावात राहणार की बाहेर जाणार, हे प्रश्न आता आपल्या दाराशी आले आहेत.

कोकणात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे उजाडला की कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. पडलेला पाऊस वेगाने समुद्राला मिळतो. आणि नेमक्या याच दोन महिन्यांत तुमचा हंगाम ऐन भरात असतो. किनाऱ्यालगत उपसा वाढला की विहिरीत खारे पाणी शिरते, पाणी मचूळ होते. एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी होण्यास दीर्घ काळ लागतो. विहीर गेली की बागायत जाते, बागायत गेली की घराची शोभा जाते आणि मग पाहुणाही येत नाही. मुंबईची वाट न धरता गावात राहून सन्मानाने जगण्याचे जे साधन पर्यटनाने अनेक कुटुंबांना दिले, ते टिकणार की नाही, याचा निर्णय या विहिरीच्या काठावर होणार आहे.

पाटी आणि प्रमाणपत्र

आज कोणीही आपल्या फाटकावर 'इको', 'ग्रीन', 'नेचर' अशी पाटी लावू शकतो. काँक्रीटच्या इमारतीपुढे दोन माड लावून तिला 'इको रिसॉर्ट' म्हणवून घेणारे आपण सर्वांनी पाहिले आहेत. परिणामी जो खरोखर पाणी राखतो आणि जो केवळ पाटी रंगवतो, ते दोघेही ग्राहकाच्या दृष्टीने एकाच पंगतीला बसतात. प्रमाणपत्राचे प्रयोजन येथे आहे. आपण काय करतो, हे लिहून ठेवणे, मोजणे आणि आपल्याशी हितसंबंध नसलेल्या तिऱ्हाइताने ते तपासणे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

जगात या बाबतीत कठोरपणा वाढतो आहे. 'बुकिंग डॉट कॉम' ही मोठी आरक्षण कंपनी आपल्या संकेतस्थळावर निवासव्यवस्थांना शाश्वततेच्या श्रेणी देत असे. नेदरलँड्सच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने ही पद्धत ग्राहकांची दिशाभूल करणारी ठरू शकते, असा आक्षेप घेतल्यावर २०२४ साली कंपनीने तो कार्यक्रम बंद केला आणि तिऱ्हाईत संस्थेचे प्रमाणपत्र असल्यास तेवढेच दाखवण्याचे धोरण स्वीकारले. युरोपीय संघाने त्याच वर्षी केलेल्या निर्देशानुसार, मान्य प्रमाणन व्यवस्थेचा किंवा शासकीय यंत्रणेचा आधार नसलेली शाश्वततेची चिन्हे ग्राहकांपुढे मिरवता येणार नाहीत; त्याच्या अंमलबजावणीसाठी २७ सप्टेंबर २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. विदेशी पाहुणे पाठवणारी प्रवासी कंपनी उद्या तुम्हाला कागद मागेल, तो या कारणाने.

कोण कोणास प्रमाणित करतो?

या क्षेत्रात नावांचा गोंधळ फार आहे. म्हणून तीन पायऱ्या स्पष्ट समजून घेऊ.

पहिली पायरी निकषांची. 'ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम कौन्सिल', संक्षेपाने 'जीएसटीसी', ही जागतिक परिषद पर्यटनाचे मूलभूत निकष ठरवते. हे निकष प्रथम २००८ साली प्रसिद्ध झाले. हॉटेले व प्रवासी कंपन्या यांच्यासाठी एक संच आहे आणि गाव, शहर किंवा प्रदेश यांसारख्या पर्यटनस्थळांसाठी २०१३ पासून दुसरा संच आहे. दुसरी पायरी प्रमाणन संस्थांची. जीएसटीसी स्वतः कोणत्याही हॉटेलास प्रमाणपत्र देत नाही. ते काम 'ट्रॅव्हलाइफ', 'अर्थचेक', 'ग्रीन की' यांसारख्या व्यवस्था करतात. १९९४ साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या 'ग्रीन की'मध्ये छोट्या निवासव्यवस्थांसाठी स्वतंत्र निकषसंच आहे, ही तुमच्या उपयोगाची गोष्ट. तिसरी पायरी म्हणजे तपासणाऱ्याची तपासणी. एखाद्या मानकास 'मान्यता' असणे वेगळे आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला 'अधिस्वीकृती' असणे वेगळे. पहिल्याचा अर्थ प्रश्नपत्रिका योग्य आहे. दुसऱ्याचा अर्थ परीक्षकही योग्य आहे. जाहिरातीत हे दोन शब्द बेमालूम मिसळले जातात. सावध राहावे.

आपल्या देशाच्या पर्यटन मंत्रालयानेही २०१४ साली भारतासाठी शाश्वत पर्यटनाचे निकष प्रसृत केले. निवासव्यवस्था, प्रवासी संस्था, तसेच समुद्रकिनारे, खाड्या-बॅकवॉटर, तलाव व नद्या यांचा विचार त्यात आहे. समुद्रकिनाऱ्यांसाठी 'ब्लू फ्लॅग' ही वेगळी व्यवस्था असून २०२० साली भारतातील आठ किनाऱ्यांना ती प्रथम मिळाली. त्यांत कर्नाटकातील कासरकोड व पडुबिद्री हे आपल्या शेजारचे किनारे होते. मात्र 'ब्लू फ्लॅग' किनाऱ्याला मिळतो, किनाऱ्यावरील तुमच्या हॉटेलाला नव्हे, हे ध्यानी ठेवावे.

कोस्टा रिका या मध्य अमेरिकेतील छोट्या देशाचे उदाहरण मला बोलके वाटते. तेथील राष्ट्रीय पर्यटन संस्थेने १९९७ च्या सुमारास स्वतःची प्रमाणन व्यवस्था उभी केली. हॉटेलास शून्य ते पाच पाने दिली जात. परिसर, सेवा व बांधकाम, ग्राहक आणि सामाजिक-आर्थिक जबाबदारी अशा चार विभागांत गुण मोजले जात आणि सर्वांत कमी गुण ज्या विभागात, त्यानुसार अंतिम श्रेणी ठरत असे. म्हणजे सौरऊर्जेत अव्वल, पण गावातील माणसांना रोजगार देण्यात मागे, अशा हॉटेलाला मागचीच श्रेणी मिळे. एका अंगाची उणीव दुसऱ्या अंगाच्या दिखाव्याने झाकता येत नाही, हे तत्त्व त्या देशाने पहिल्यापासून पाळले.

चार खांब, आपल्या अंगणात

जीएसटीसीच्या निकषांचे चार खांब आहेत: व्यवस्थापन, स्थानिक समाजाचा आर्थिक लाभ, सांस्कृतिक वारसा आणि पर्यावरण.

व्यवस्थापन म्हणजे कायद्याचे पालन आणि लेखी धोरण. ग्रामपंचायतीचा दाखला, निवास-न्याहारी योजनेखालील नोंदणी, अन्नसुरक्षेची नोंदणी, विदेशी पाहुण्यांची वेळेत कळवलेली माहिती, बांधकाम सागरी किनारा नियमनात बसते की नाही, याचे कागद. यांतील एकही कागद अपुरा असेल तर पुढची कोणतीही तपासणी निरर्थक ठरते. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तर २०१३ च्या कायद्यानुसार महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

दुसरा खांब स्थानिक लाभाचा. भाजी, मासळी, तांदूळ, कोकम कोठून घेता? गावातून घेत असाल तर त्याची पावती किंवा वहीतील नोंद आहे का? केरळात २००८ साली कुमारकोम येथे 'जबाबदार पर्यटना'चा प्रयोग सुरू झाला, तेव्हा महिला गटांनी पिकवलेली भाजी हॉटेलांनी घ्यावी, अशी योजना होती. माल नियमित आणि एकाच प्रतीचा मिळावा, ही हॉटेलांची अपेक्षा आणि गटांची क्षमता यांचा मेळ बसण्यास वेळ लागला. पण तो बसवला गेला आणि २०१७ मध्ये त्या राज्याने यासाठी स्वतंत्र मिशन स्थापन केले. आपल्याकडे बचत गट आहेत, परसबागा आहेत. नोंद आणि नियमितपणा यांची जोड हवी.

तिसरा खांब संस्कृतीचा. दशावतार म्हणजे जेवणाच्या वेळी पंधरा मिनिटे दाखवण्याचा नाच नव्हे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवरील कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. त्यांवर पाय देऊ नये, खडूने रेषा गिरवू नयेत, हे पाहुण्याला आधी सांगण्याची जबाबदारी यजमानाची आहे. निकषांत यालाच 'अभ्यागतांसाठी मार्गदर्शन' म्हटले आहे. एका पानाचे सूचनापत्रक त्यासाठी पुरते.

चौथा खांब पर्यावरणाचा. यात पाणी, वीज, सांडपाणी, कचरा आणि जीवसृष्टी हे सारे येते. मंडणगड तालुक्यातील वेळासचे उदाहरण तुम्ही जाणता. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या पुढाकाराने तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली गेली आणि कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी येणारे पाहुणे गावातील घरांतच राहू लागले. पिल्ले प्रकाशाच्या दिशेने वळतात. त्यामुळे किनाऱ्याकडे तोंड केलेला तुमचा झगमगता दिवा त्यांच्या जिवावर उठू शकतो. तो दिवा हंगामात विझवणे, यास पैसा लागत नाही. डॉल्फिन दिसताच होडी त्यांच्या अंगावर न घालण्यासही लागत नाही.

मार्ग कसा असतो?

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. बहुतेक सर्व व्यवस्थांमध्ये मार्ग साधारण सारखाच असतो.

प्रथम, एक माणूस नेमा. घरातील सून असो, मुलगा असो किंवा व्यवस्थापक. जबाबदारी एकाची आणि ती लेखी असावी.

दुसरे, तीन वह्या घाला: पाणी, वीज व इंधन, आणि कचरा. टाकीच्या नळावर मीटर बसवा. एक पाहुणा एक रात्र राहिला की एक 'मुक्काम' धरा. समजा, मे महिन्यात दोनशे मुक्काम झाले आणि मीटरने चाळीस हजार लिटर दाखवले, तर दर मुक्कामामागे दोनशे लिटर पाणी लागले. हा आकडा चांगला की वाईट, याची चिंता प्रारंभी करू नका. तो तुमचा पाया आहे. पुढच्या वर्षी तो घटला, हे दाखवणे म्हणजे प्रगती. मिनिटाला दहा लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली आठ मिनिटे उभे राहिल्यास ऐंशी लिटर जातात. बादलीची आंघोळ वीस लिटरांत होते. फरक साठ लिटरांचा. दोनशे मुक्कामांना तो बारा हजार लिटर होतो. महिन्याकाठी एका मोठ्या टँकरचे पैसे वाचतात, ते येथे.

तिसरे, निवडलेल्या व्यवस्थेचे निकष मागवा आणि एकेका ओळीपुढे 'आहे', 'अर्धवट' किंवा 'नाही' असे प्रामाणिकपणे लिहा. बहुतेक व्यवस्थांत काही निकष अनिवार्य असतात व काही ऐच्छिक. आधी अनिवार्य पूर्ण करा.

चौथे, उणिवा भरून काढा. क्रम असा असावा: प्रथम सांडपाणी, मग पाणी, मग कचरा, मग वीज. सौरपट्ट्या छायाचित्रात शोभून दिसतात, म्हणून सगळे तेथून आरंभ करतात. परंतु शोषखड्डा विहिरीला खेटून असेल, सेप्टिक टँक गळत असेल, तर छपरावरच्या पट्ट्या निरुपयोगी आहेत. विहिरीच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून अहवाल जपून ठेवा. काही एकेरी वापराच्या प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. ती पाळणे हा तुमचा गुण मानला जात नाही, किमान कर्तव्य मानले जाते. पाण्याच्या बाटल्यांऐवजी गाळलेल्या पाण्याचे माठ किंवा यंत्र ठेवणे, हे त्यापुढचे पाऊल.

पाचवे, अर्ज आणि तपासणी. आधी कागद पाहिले जातात, नंतर तपासनीस घरी येतो. तो वह्या चाळतो, मागील दारी जातो, कचरा कोठे पुरता ते पाहतो आणि कामाला असलेल्या बाईला एकटीला विचारतो, 'पगार वेळेवर मिळतो का? आग लागली तर काय करायचे, हे शिकवले आहे का?' त्या दिवसापुरती केलेली सजावट तेथे उपयोगी पडत नाही. त्रुटी आढळल्या तर त्या लेखी कळवल्या जातात आणि दुरुस्तीसाठी मुदत मिळते. त्रुटी निघणे म्हणजे नापास होणे नव्हे.

सहावे, मुदत. कोणतेही प्रमाणपत्र कायमचे नसते. ठरलेल्या काळाने फेरतपासणी होते. म्हणून वह्या प्रमाणपत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशीही लिहायच्या असतात.

पैसे देण्यापूर्वी

या क्षेत्रात दुकानदारीही आहे. घरबसल्या शुल्क भरा आणि प्रमाणपत्र टपालाने घ्या, असे सांगणारे भेटतील. शुल्क देण्यापूर्वी पाच प्रश्न विचारा. निकष सर्वांना वाचायला खुले आहेत का? तपासनीस प्रत्यक्ष येतो का? सल्ला देणारा आणि तपासणारा एकच तर नाही ना? तुमच्या संस्थेला अधिस्वीकृती कोणाची? आणि पहिल्या वर्षानंतरचा संपूर्ण खर्च किती? एकाही प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर नमस्कार करून परत फिरावे.

आणि हेही सांगतो की, प्रमाणपत्र लावल्याने दुसऱ्या दिवशी खोल्या भरतात, असे कोणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. तुमचे सारे पाहुणे पुण्या-मुंबईचे असतील आणि ते नातेवाइकांच्या शिफारशीवर येत असतील, तर आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचा खर्च तूर्त न केलेला बरा. निकष मात्र आजच घ्या आणि वह्या आजच सुरू करा. पाण्या-विजेची बचत, कमी झालेला कचरा आणि सुधारलेले कागद, हा लाभ प्रमाणपत्राविनाही मिळतो.

गडग्यापलीकडे

शेवटचा मुद्दा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. आपण वाडीभोवती गडगा घालतो, पण जमिनीखालच्या पाण्याला गडगा नसतो. शेजाऱ्याचा शोषखड्डा तुमच्या विहिरीत उतरतो आणि तुमच्या पंपाचा उपसा त्याच्या विहिरीत जाणवतो. एका घराने प्रमाणपत्र मिळवून गाव वाचत नाही. म्हणूनच संपूर्ण पर्यटनस्थळासाठी वेगळे निकष करावे लागले.

शिवछत्रपतींच्या राज्यकारभाराची परंपरा रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात नोंदवून ठेवली आहे. गड बांधण्याआधी त्या जागी पाणी आहे का ते पाहावे, एका झऱ्यावर न विसंबता तळी-टाकी बांधून साठा करावा, आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेने पोटच्या पोरासारखी वाढवलेली आंब्या-फणसाची झाडे तिच्या संमतीवाचून तोडू नयेत, हा त्यातील आशय आहे. भर समुद्रात उभ्या असलेल्या सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आजही आहेत. जो किल्ला पाहण्यासाठी जग तुमच्या दारी येणार आहे, त्याच्या बांधणीत पाण्याचा विचार पहिला होता. पाहुण्याला त्या विहिरी दाखवून आणून घरी मात्र टँकरचे पाणी द्यावे लागले, तर आपण त्या वारशाचे राखणदार कसे म्हणवणार?

म्हणून माझी विनंती अशी. एका वाडीतील दहा घरांनी एकत्र यावे. सर्वांनी एकाच नमुन्याच्या वह्या लिहाव्यात. कागद सांभाळण्यासाठी गावातील एखादी शिकलेली मुलगी दहा घरांनी मिळून पगारावर नेमावी. तिला गावातच काम मिळेल. सुक्या कचऱ्याची गाडी सामायिक करावी. गट म्हणून अर्ज करता येतो का, तपासणीचा खर्च वाटून घेता येतो का, हे प्रमाणन संस्थेला विचारावे. मोठ्या कंपनीकडे या कामासाठी स्वतंत्र विभाग असतो. उद्या बाजार कागद मागू लागला आणि तो केवळ त्यांच्याकडेच असला, तर पाणी राखणारे घर बाजूला पडेल आणि कागद राखणारी कंपनी पुढे जाईल. तसे होऊ द्यायचे नसेल तर दहा घरांनी मिळून तो विभाग उभा केला पाहिजे.

हंगाम संपून पावसाळा लागला की तुम्हाला थोडी उसंत मिळते. त्या चार महिन्यांत छपराचे पाणी विहिरीजवळ मुरवण्याची सोय करा, मीटर बसवा, सेप्टिक टँक तपासून घ्या. दिवाळीनंतर पहिला पाहुणा येईल, त्या दिवशी वहीचे पहिले पान लिहा. पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येकाने आपल्या घराचा एकच आकडा घेऊन यावा: दर मुक्कामामागे किती लिटर? त्या आकड्यांवर आपण तेव्हा बोलू.